कार्यानुभवाचा तास कोठे हरवला?

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभव आणि कला हे दोन विषय सन्मानाने नोंदविलेले असतात. वर्षाअखेरीस प्रगतिपत्रकात त्यांच्यापुढे श्रेणीही लिहिली जाते. या दोन नोंदींच्या मध्ये प्रत्यक्षात काय घडते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. भाषेचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी कार्यानुभवाच्या तासाचा, आणि गणिताची उजळणी राहिली की दुसरा बळी चित्रकलेचा, हा शाळाशाळांतील अलिखित नियम झाला आहे. विज्ञानाचा प्रयोग तर पुष्कळदा पुस्तकातील चित्रावरूनच 'पाहिला' जातो. हाताने काही करून शिकण्याची ही संधी जेथे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जवळ आहे, नेमकी तेथेच ती हातची जावी, हे या प्रश्नातील खरे दुखणे आहे.

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील हिमायतनगर, म्हणजे जुने वाढोणा, हे अशा ठिकाणाचे बोलके उदाहरण म्हणता येईल. उत्तरेला पैनगंगा, तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडचा मुलूख, आणि अलीकडे कापूस, सोयाबीन व हळदीची शेते. गावोगाव शेतीची अवजारे दुरुस्त होतात, तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या फेटिया-कांचळीवरील आरसे-कवड्यांचे भरतकाम अजून डोळ्यांना दिसते. विज्ञान, तंत्र आणि कला या तिन्हींची सामग्री शाळेच्या कुंपणाबाहेर पसरलेली आहे. ती कुंपणाच्या आत येत नाही, याचे कारण केवळ शिक्षकांच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे ठरेल.

कारण, धोरणांचा इतिहास पाहिला तर विचारांची उणीव कधीच नव्हती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी सादर केलेल्या निवेदनात बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात शेतीच्या मूलभूत ज्ञानाचा समावेश करण्याची मागणी होती. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेतून व डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून 'नई तालीम' उभी राहिली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' हा शब्द रूढ केला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे नाव दिले. नावे बदलत गेली. वर्गातील मुलाचा हात मात्र बहुतेक वेळ पाढे लिहिण्यातच गुंतून राहिला. नई तालीमही अनेक ठिकाणी टकळीवर सूत काढण्याच्या कर्मकांडात आटोपली. क्रियेमागचे 'का' आणि 'कसे' सुटले की उरते ती केवळ वेठ.

साधनांचेही असेच झाले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'खडू-फळा' मोहिमेने प्राथमिक शाळांना विज्ञानपेटी, गणितपेटी, लहान हत्यारांची पेटी व वाद्ये देऊ केली. पण सरकारी वस्तू एकदा डेडस्टॉक नोंदवहीत चढली की तिच्या तुटण्याफुटण्याचा जाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो. मोडण्याच्या भीतीने कुलूपबंद झालेली पेटी वीस वर्षे शाबूत राहते आणि वीस वर्षांतील मुले तिच्यावाचून शिकून जातात. वस्तू जपणाऱ्याची पाठ थोपटणारी आणि ती वापरणाऱ्याला धाकात ठेवणारी ही पद्धत बदलल्यावाचून नव्या पेट्या पाठवून काहीही साधणार नाही.

त्याहून गंभीर बाब अशी की, अलीकडच्या योजनांत पहिली ते पाचवीचे मूल जवळजवळ वगळलेच गेले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कला व कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद केली, ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही शंभराहून अधिक पट असेल तरच. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्या सहावीच्या पुढच्या मुलांसाठी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कारागिरांसमवेत घालविण्याचे 'दप्तराविना दहा दिवस' सुचविले, तेही सहावी ते आठवीतच. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञानाचा मोलाचा अभ्यासक्रमही आठवी ते दहावीपासून सुरू होतो. ज्या वयात मूल प्रत्येक वस्तू उघडून पाहू इच्छिते, त्या वयात त्याला 'हात लावू नको' असे सांगावयाचे आणि ती इच्छा मावळल्यावर प्रयोगशाळा उघडावयाची, असा हा उलटा क्रम आहे.

पैशाच्या अभावाचे कारण येथे फार काळ टिकत नाही. अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगकाड्या यांतून भूमितीचे आकार उभे करून दाखविले, त्याला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला. हळदीत बुडवून वाळविलेल्या कागदाच्या पट्टीवर साबणाचे पाणी पडले की ती लाल होते आणि लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळी होते. हळदीच्या मुलखातील मुलाला आम्ल व अल्क यांचा धडा यापेक्षा स्वस्तात कोण शिकविणार? बंजारा भरतकामातील एकेका नक्षीत सममितीचा पाठ दडलेला आहे.

तरीही या विचाराविरुद्ध एक आक्षेप आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. हातकामाच्या नावाखाली गरिबाच्या मुलाला त्याच्या बापाच्या धंद्यालाच जुंपले जाईल, हे भय इतिहासाने दिलेले आहे. राजाजींनी १९५३ मध्ये मद्रास राज्यात शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. ती जातीच्या उतरंडीला बळकटी देणारी आहे, म्हणून प्रचंड विरोध झाला. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना मागे घेतली. तो विरोध योग्यच होता. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष हातकाम नको असा नसून, हातकाम सर्वांनी करावे व ते शाळेतच व्हावे असा आहे. सुताराच्या मुलीने विजेचे मंडल जोडावे आणि कारकुनाच्या मुलाने रंधा धरावा, तेव्हाच कामाला चिकटलेली जात सुटू लागते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे. साठपर्यंत पटाच्या शाळेला दोनच शिक्षक. ते चार-पाच इयत्ता सांभाळणार, ऑनलाइन माहिती भरणार, आणि २०२१ पासूनच्या 'निपुण भारत' कार्यक्रमाखाली तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन व गणन आले पाहिजे, याचाही हिशेब देणार. अशा वेळी प्रयोग कधी करावयाचे? प्रश्न रास्त आहे. पण तो वाचन आणि प्रयोग हे एकमेकांचे वैरी आहेत असे गृहीत धरतो. ते तसे नाहीत, हे सोयाबीनच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

२०२० च्या खरिपात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांवर दुबार पेरणीचा खर्च पडला. घरचे बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवणक्षमता तपासा, असे कृषी विभाग सांगत असतो. शंभर दाणे मोजावयाचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडावयाचे, ओल टिकवावयाची आणि काही दिवसांनी चांगले कोंब मोजावयाचे. सत्तर वा अधिक उगवले तर बियाणे प्रमाणात बसले. कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवावयाचे किंवा ते बदलावयाचे. शंभरांतून मोजल्यामुळे शेकडेवारीचे गणित येथे बोटांवर येते. चौथी-पाचवीच्या मुलाने हे करावे, नोंद लिहावी, कोंबांचे चित्र काढावे आणि निष्कर्ष घरी वाचून दाखवावा. गणन, लेखन, वाचन, विज्ञान आणि कला यांतील कोणता विषय यात सुटला? पेरणी जूनमध्ये होते व शाळाही त्याच सुमारास उघडते. म्हणून ही तपासणी एप्रिलमध्ये एकदा व शाळा उघडताच पुन्हा व्हावी, एवढी लवचिकता वेळापत्रकाला हवी.

ही लवचिकता शिक्षकाच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७८ मध्ये संपूर्ण जिल्ह्यात पसरला, कारण त्याने प्रयोगाबरोबर परीक्षाही बदलली: पुस्तक जवळ ठेवून लिहावयाची उत्तरे आणि प्रत्यक्ष करून दाखवावयाचे प्रयोग. आणि २००२ मध्ये सरकारच्या एका निर्णयाने तो बंदही पडला. या दोन्ही गोष्टींतून धडा घ्यावयास हवा. आठवड्यातून एकदा सलग दोन तास राखून ठेवणे, मोडतोडीची सूट असलेला लहानसा निधी मुख्याध्यापकाच्या हाती देणे, गावच्या कारागिराला मानधन देऊन वर्गात बोलावणे, केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांनीच प्रयोग करून पाहणे आणि मूल्यमापनात केलेल्या कामाला गुण देणे, या पाच गोष्टींना इमारत लागत नाही, संगणकही लागत नाही.

२०२३ मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागविले, तेव्हा मोठ्या शाळेत प्रयोगशाळा मिळेल, असा युक्तिवाद झाला. परंतु लहान मुलाची प्रयोगशाळा त्याच्या शिवारात, ओसरीवर आणि तांड्यावर असते. तिच्यापासून त्याला दूर नेऊन काचेच्या कपाटापुढे उभे करण्यास सुधारणा म्हणता येणार नाही. गावच्या शाळेने तपासलेले बियाणे ज्या वर्षी गावच्या शेतात पेरले जाईल, त्या वर्षी कार्यानुभवाच्या रकान्यातील श्रेणीला प्रथमच काही अर्थ येईल; आणि ती शाळा बंद करावयाची की नाही, या प्रश्नावर गावालाही आपले म्हणणे ठामपणे मांडता येईल.