‘नवी घ्या’ हें उत्तर नव्हे

विजेच्या मोटारीची चार्जिंग केबल बिघडली तर ती उघडूं नये, सांधूं नये, सरळ नवी विकत घ्यावी, असा एक उपदेश आजकाल विक्रेत्यांच्या तोंडून ऐकूं येतो. आणि सुशिक्षित कुटुंबेंही तो वेदवाक्यासारखा मानूं लागलीं आहेत. या उपदेशाच्या मुळाशीं केवळ सुरक्षिततेची काळजी आहे, असें भासविण्यांत येतें. आमचें म्हणणें असें कीं, ही काळजी अर्धी खरी व अर्धी दुकानदारी आहे. आणि या दोहोंची फारकत केल्यावांचून ग्राहकाची सुटका नाहीं.

तारकर्लीचेंच उदाहरण घ्या. मालवणच्या दक्षिणेस, एका बाजूला समुद्र व दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, अशा या गांवीं अनेक कुटुंबांचा चरितार्थ पाहुण्यांवर चालतो. आणि ते पाहुणे आतां विजेच्या मोटारी घेऊन येऊं लागले आहेत. माडाखालीं उभी केलेली मोटार रात्रभर साध्या १५ अँपियरच्या सॉकेटावर भरून घ्यावी लागते. येथील खारा वारा देवघरांतील पितळेची समई सोडीत नाहीं, तो प्लगच्या पिना काय सोडणार? पिनेवर कळंक चढला कीं सांध्याचा रोध वाढतो. आणि रोधांत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, हा जूलचा नियम शाळकरी मुलासही ठाऊक आहे. १५ अँपियरच्या वाटेंत अवघा एक दशांश ओहम रोध उभा राहिला, तरी त्या इवल्याशा जागीं साडेबावीस वॅट उष्णता तासन्‌तास कोंडत राहते. प्लग काळा पडतो व वितळतो तो यामुळें. म्हणजे रोग टोकाशीं असतो. मधली कित्येक मीटर तार पुष्कळदां धडधाकटच असते.

मग टोकासाठीं सबंध केबल टाकून देण्याचा हा न्याय कोठला? याच किनाऱ्यावरील रापणकर चार फांसे तुटले म्हणून सगळें जाळें समुद्राला अर्पण करीत नाहीं. वाळूंत बसून तो तें सांधतो, आणि त्याच्या हातावर साऱ्या रापणीचा विश्वास असतो.

‘वीज म्हणजे जाळें नव्हे, येथें चूक झाली तर जीव जाईल,’ असें प्रतिपक्ष म्हणेल. हें अगदीं खरें आहे. चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेणाऱ्या, किंवा अर्थिंगची तार तोडून काम भागविणाऱ्या हिकमती माणसाची वकिली आम्हांस करावयाची नाहीं. वेष्टण फाटून आंतील तांबें दिसूं लागलें असेल, तर ती केबल बादच केली पाहिजे; आणि जलद चार्जिंगच्या केबलीस तर घरगुती हात लागतांच कामा नये. परंतु यावरून सिद्ध काय होतें? दुरुस्ती जाणत्यानें करावी, इतकेंच. ती कोणीं करूंच नये, हें त्यांतून निघत नाहीं.

आणि जाणत्याचें हें काम कांहीं गूढविद्या नव्हे. प्रथम सॉकेट व त्याचें अर्थिंग तपासावें. कारण अर्थिंग नसेल तर पुष्कळ केबलींवरील नियंत्रक पेटी वीज पुढें जाऊंच देत नाहीं, आणि निर्दोष केबलीवर नाहक बालंट येतें. मग वीज तोडून प्रत्येक तार अखंड आहे कीं नाहीं तें मल्टिमीटरनें पाहावें. ‘टाइप २’ जोडणींत केबलीची क्षमता सांगणारा एक लहानसा रोधक असतो; ३२ अँपियरसाठीं २२० ओहम, २० अँपियरसाठीं ६८० ओहम. तोही मोजतां येतो. शेवटीं पेटी वेगळी करून तारांच्या वेष्टणाची परीक्षा मेगरनें करावी. परवानाधारक वायरमनास यांत अशक्य असें काय आहे? अडते तें ज्ञानावांचून नव्हे. अडते तें अशासाठीं कीं, सुटा प्लग विकला जात नाहीं, पेटी बुजवून टाकलेली असते, आणि आंतील जोडणीचा नकाशा गुप्त ठेवला जातो. नवी केबल तर हजारों रुपयांची. मग हंगामाच्या ऐन गर्दींत, पाहुणा खोळंबला असतां, गरजू माणूस अखेर चिकटपट्टीकडेच वळतो! सुरक्षिततेच्या नांवानें घातलेली बंदी ही अशी अपघाताची जननी ठरते.

दुरुस्तीस हीन लेखणाऱ्यांनीं एवढें आठवावें कीं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत आरंभ केला तो सायकलींच्या विक्रीदुरुस्तीच्या दुकानानें. लोखंडी नांगर व किर्लोस्करवाडी हें सर्व मागाहून आलें. यंत्र उघडून पाहण्याची ज्या समाजास मनाई आहे, त्या समाजांत यंत्रें घडविणारे कोठून निपजणार?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या अधिकाराचा विचार करण्यासाठीं समिती नेमली, तिच्या कक्षेंत मोटारींचाही समावेश केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत या विषयाचें संकेतस्थळ उघडलें. हें स्तुत्य आहे. पण माहितीचें द्वार उघडल्यानें प्लग हातीं पडत नाहीं. सुटे भाग व जोडणीचा नकाशा परवानाधारक कारागिरास देणें कारखानदारांवर बंधनकारक झालें पाहिजे, आणि सिंधुदुर्गांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीं हें काम मुलांस शिकविलें पाहिजे. वाचकांनींही मोटार घेतांना तिचा रंग विचारण्यापूर्वीं विक्रेत्यास एक प्रश्न करावा: ‘हिच्या केबलीचा प्लग सुटा मिळतो काय?’ हा प्रश्न शंभर घरांतून विचारला जाऊं लागला, म्हणजे ‘नवी घ्या’ म्हणणाऱ्यांस दुसरें उत्तर शोधणें भाग पडेल.