नरडाण्याच्या वाट्याचा जपान

दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्याची कल्पना भारत आणि जपान यांच्यातील डिसेंबर २००६ च्या सामंजस्य करारातून आकाराला आली. तिच्या आराखड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला जी गुंतवणूक क्षेत्रे आली, त्यांत धुळे–नरडाणा हे एक होते. शिंदखेडा तालुक्यातील हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर आहे आणि सुरत–भुसावळ लोहमार्गही त्याला लाभला आहे. औद्योगिक वसाहत तेथे आधीपासून आहे. प्रत्यक्षात पट्ट्याची उभारणी सुरू झाली ती मराठवाड्यात, शेंद्रा–बिडकीन येथे. नरडाण्याच्या पदरात नकाशावरचे नाव पडले. फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळे–नरडाणा लोहमार्गाचे भूमिपूजन झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा खानदेशातील आशा पुन्हा पालवली.

जमीन, पाणी आणि रेल्वे या तीन प्रश्नांची चर्चा धुळे जिल्ह्यात पुष्कळ होते, आणि ती व्हावयासच हवी. चौथ्या प्रश्नाची चर्चा मात्र होत नाही. कारखाने आले तर त्यांत काम कोणत्या अटींवर होणार, हा तो प्रश्न. तो कोणी विचारलाच तर व्यासपीठावरून एक ठरावीक उत्तर येते, ते म्हणजे ‘जपानी कार्यसंस्कृती’. जपानी माणूस जात्याच कष्टाळू, शिस्तप्रिय व मालकाशी एकनिष्ठ; आपल्या तरुणांनीही तसे व्हावे, म्हणजे झाले. हे उत्तर ऐकावयास गोड आहे. गेल्या सहा-सात दशकांत जपानच्या कारखान्यांवर जे संशोधन झाले, त्याच्याशी मात्र त्याचा मेळ बसत नाही.

या संशोधनाचा आरंभ साधारणपणे अमेरिकन अभ्यासक जेम्स अबेग्लेन यांच्या १९५८ मधील पुस्तकापासून धरतात. मोठ्या जपानी कंपनीत एकदा शिरलेला कामगार निवृत्तीपर्यंत तेथेच राहतो, हे त्यांनी पाहिले आणि त्याचे मूळ त्या समाजाच्या जुन्या वळणात शोधले. पुढे रोनाल्ड डोर या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने हिताची आणि इंग्लिश इलेक्ट्रिक या दोन कंपन्यांच्या कारखान्यांची तुलना केली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात त्यांनी दाखवले की, परंपरेइतकाच उशिरा सुरू झालेल्या औद्योगिकीकरणाचाही या पद्धतीत वाटा आहे. अँड्र्यू गॉर्डन यांनी तर १९८५ मध्ये जड उद्योगांतील कामगारांचा शतकभराचा इतिहासच मांडला. नोकरीची हमी आणि वयाबरोबर वाढणारे वेतन या गोष्टी मालकांच्या औदार्यातून वा प्राचीन संस्कारांतून आपोआप उगवल्या नाहीत. त्यांमागे कामगारांच्या मागण्या, संप आणि कटू तडजोडी होत्या, हे त्यातून स्पष्ट झाले. टोयोटामध्ये १९५० साली कामगारकपातीवरून मोठा संघर्ष झाला आणि कंपनीचे संस्थापक कीइचिरो तोयोदा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. निसानचा १९५३ चा संप आणि मीइके कोळसाखाणीतील १९६० चा लढा हे तर जपानच्या कामगार इतिहासातील मैलाचे दगड होत. दोन्हींत कामगारांचा पराभव झाला, हेही विसरता येत नाही. ज्या निष्ठेचे गोडवे गायले जातात, ती एका सौद्याची अर्धी बाजू होती. दुसरी बाजू म्हणजे नोकरीची शाश्वती.

शिवाय हा सौदा सर्वांसाठी नव्हताच. तो मुख्यतः मोठ्या कंपन्यांतील कायम पुरुष कर्मचाऱ्यांपुरता होता. सातोशी कामाता या पत्रकाराने १९७२-७३ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून काही महिने काम केले आणि त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्याच्या मूळ नावातच त्या मोटार कारखान्याला हताशेचा कारखाना म्हटले आहे. पट्टा किती वेगाने फिरतो आणि माणूस त्यामागे कसा धावतो, हे त्यात वाचावयास मिळते. स्त्रियांची कथा आणखी निराळी. मेरी ब्रिंटन यांनी १९९३ च्या ग्रंथात दाखवले की, ज्या आर्थिक चमत्काराचे कौतुक होते, त्यात स्त्रियांचे श्रम सर्वत्र होते. बढतीच्या शिडीवर मात्र त्या फारशा नव्हत्या. आज जपानमध्ये दर शंभर नोकरदारांत सदतीसच्या आसपास लोक अर्धवेळ, कंत्राटी वा हंगामी आहेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास हे प्रमाण सहांत एक इतके होते. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला त्या भाषेत ‘कारोशी’ हा स्वतंत्र शब्द आहे. त्याच्या प्रतिबंधासाठी २०१४ मध्ये कायदा करावा लागला, तर २०१८ च्या कायद्याने जादा कामाच्या तासांवर मर्यादा घातली.

तेव्हा नरडाण्यापुढील खरा प्रश्न असा की, यांतला कोणता जपान आपण मागतो आहोत? भारतातील आजवरचा अनुभव फारसा दिलासा देणारा नाही. संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे ४० टक्के आता कंत्राटदारांमार्फत घेतलेले आहेत. हरियाणातील मानेसर येथे मारुती सुझुकीच्या कारखान्यात २०११ मध्ये स्वतंत्र संघटनेच्या मागणीवरून संप झाले आणि जुलै २०१२ मध्ये तेथे हिंसाचार होऊन एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. हिंसेचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु एकाच पट्ट्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या कायम आणि कंत्राटी कामगारांच्या वेतनातील अंतर हा त्या अशांततेतील एक ठळक धागा होता. किंबहुना जपानकडून आपण पट्ट्याचा वेग आणला, शाश्वती मात्र बंदरावरच राहिली.

खानदेशाला हे नवे नाही. धुळे आणि अमळनेर येथे प्रताप गिरण्यांचे भोंगे वाजत, तेव्हा ‘बदली’ कामगार म्हणजे काय हे घराघरांत ठाऊक होते. आज नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा या स्थानकांवरून गाडी धरणारा तरुण सुरतेला उतरतो, लिंबायत वा उधन्यात गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकतो आणि यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहतो. कष्टाची सवय त्याला कोणी जपानहून येऊन लावण्याची गरज नाही. त्याला उणीव आहे ती काम शिकत जाण्याच्या संधीची. या बाबतीत काझुओ कोइके यांचे संशोधन मोलाचे आहे. जपानी कामगाराचे वैशिष्ट्य त्यांनी स्वभावात शोधले नाही. तो एकाच विभागातील लगतची अनेक कामे फिरून शिकतो, म्हणून यंत्र बिघडले वा माल बदलला तर स्वतः विचार करू शकतो, असे त्यांनी दाखवले. अशा शिकण्यास वर्षे लागतात. दर अकरा महिन्यांनी ज्याचा करार संपवला जातो, त्याच्यावर ती वर्षे कोण खर्च करील?

आणखी एक मुद्दा आपल्याला अधिक अडचणीचा आहे. चिए नाकाने या जपानी मानवशास्त्रज्ञ विदुषीने पन्नाशीच्या दशकात भारतात क्षेत्रकार्य केले होते. पुढे स्वतःच्या समाजाविषयी लिहिताना त्यांनी भारताशी तुलना केली. जपानी माणूस आपली ओळख आपण कोणत्या संस्थेचे, हे सांगून देतो. भारतात ती जातीवरून ठरते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हे विधान सरसकट आहे आणि त्यावर टीकाही झाली आहे. तरीही कंत्राटदार आपल्याच भाऊबंदांतून माणसे उचलतो त्या ठिकाणी कारखाना हे ‘एक कुटुंब’ कसे व्हावे, हा प्रश्न त्यातून उरतोच.

येथे एका विसंगतीची नोंद करावीशी वाटते. हितोत्सुबाशी विद्यापीठाचे हिरोशी फुकाझावा हे अर्थेतिहासकार पेशवेकालीन मराठी कागदपत्रांच्या आधारे अठराव्या शतकातील महाराष्ट्राच्या खेड्याचा अभ्यास करीत राहिले. आपले बलुतेदार एकेका कुटुंबाचे सेवक होते की साऱ्या गावाचे, या प्रश्नावर त्यांनी १९७२ मध्ये निबंध लिहिला आणि ते गावाचे होते, असा निष्कर्ष काढला. टोकियोतील एका प्राध्यापकाला आपल्या सुताराच्या, कुंभाराच्या मोबदल्याची अशी बारकाईने चौकशी करावीशी वाटली. नरडाण्याच्या वसाहतीत आज कामगाराला कोण, किती आणि कशाच्या बदल्यात देते, याची चौकशी जळगावच्या विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांनी करावयास टोकियोहून कोणी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्प आला आहे. मागील वर्षीच्या वहीवरून तो उतरवून काढण्याची प्रथाही लवकरच रुजेल, अशी चिन्हे आहेत. त्याऐवजी शिरपूरच्या वा दोंडाईच्याच्या चार विद्यार्थ्यांनी पाळी सुटण्याच्या वेळी वसाहतीच्या फाटकाबाहेर उभे राहावे. कोण कोणत्या गावाहून येतो, भरती कोणी केली, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, गेल्या वर्षभरात कोणते नवे काम शिकवले गेले, सुरतेहून परतलेले किती आणि पुन्हा सुरतेस जाण्याच्या बेतात किती, बायका कोणत्या कामावर आहेत आणि कोणत्या कामावर मुळीच नाहीत, एवढे जरी त्यांनी लिहून काढले आणि दर वर्षी पुढच्या तुकडीने त्यात भर घातली, तर पट्ट्याच्या अधिकाऱ्यांशी बोलणी करावयास जिल्ह्याजवळ मागणीपत्राखेरीज आणखी एक कागद असेल.