कौन्सेलर मिळत नाहीत म्हणे!

परवा शनिवारी मंडळाच्या पॉटलकला ताईला पुन्हा एकदा तो सल्ला मिळाला. "अगं त्यात काय एवढं, तीन महिन्यांचा टेस्टिंगचा कोर्स कर आणि मोकळी हो. माझ्या मेव्हणीने तेच केलं." सल्ला देणारा माझ्यासारखाच आयटीवाला, हातात साबुदाणा खिचडीची प्लेट. (ज्याच्या कंपनीत गेल्या वर्षी दोनदा लेऑफ झाले, तोच हा!) ताई हसून "बघते" म्हणाली आणि किचनमध्ये निघून गेली. मी नुसता मान डोलावत उभा होतो. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता इथे लिहितोय.

ताई पुण्याची सायकॉलॉजीतली एमए. लग्न होऊन ओहायोला गेली, तिथे स्कूल कौन्सेलिंगची मास्टर्स केली, शाळेत ६०० तासांची इंटर्नशिप, राज्याची परीक्षा, लायसन्स, आणि मग एका मिडल स्कूलमध्ये चार वर्षं नोकरी. स्कूल कौन्सेलर म्हणजे काय हे आपल्या लोकांना सांगावंच लागतं. "कॉलेजचे फॉर्म भरायला मदत करतात ते ना?" तेही करतात हो. पण जिने आठवडाभर डबा उघडलेला नाही, ज्याचे आईबाप कोर्टात भांडतायत, ज्याने वहीच्या मागच्या पानावर भलतंच काहीतरी लिहून ठेवलंय, त्या मुलांना आधी कोणासमोर तरी बसून बोलायला जागा लागते. ओहायोच्या त्या शाळेत ती जागा म्हणजे ताईची खोली.

२०२४ च्या जुलैमध्ये भावोजींची डॅलसला बदली झाली. "इकडेच या" असा धोशा मीच लावला होता. घरं मोठी, बर्फ उपसायला नको, आणि स्टेट इन्कम टॅक्स शून्य! भावोजींनी सोमवारी लॅपटॉप उघडला तर तोच क्लायंट, तोच कोड, तेच रात्रीचे कॉल. जावाला ओहायो आणि टेक्सासमधला फरक कळत नाही. ताईचं लायसन्स मात्र राज्याच्या सीमेवरच अडकलं. ट्रान्सक्रिप्ट मागवा, जुन्या शाळेकडून अनुभवाचा दाखला आणा, छाननी होईपर्यंत थांबा, बोटांचे ठसे द्या, वर्षभराचं तात्पुरतं सर्टिफिकेट घ्या आणि तेवढ्यात इथली परीक्षा पास व्हा. मुलांचा मामला आहे, तपासणी हवीच, मान्य. पण तेरा वर्षांचा मुलगा ओहायोत रडतो तसाच टेक्सासमध्ये रडतो. त्यासाठी नवी परीक्षा कशाची?

असो. ती परीक्षाही पास झाली. खरी गंमत त्यानंतर. पहिल्या इंटरव्ह्यूनंतर आठवड्याने ईमेल आली, ही जागा रद्द झाली आहे. दुसरीकडे अर्धवेळ काम, तेही दोन शाळांत मिळून. तिसरीकडे पाऊण तास बोलल्यावर कळलं की मुख्य काम राज्याच्या स्टार परीक्षेचं वेळापत्रक सांभाळण्याचं. टेक्सासने २०२१ मध्ये कायदा केलाय की कौन्सेलरचा किमान ८० टक्के वेळ कौन्सेलिंगच्याच कामात जायला हवा. ताईने भीत भीत ते काढलं. प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या, "हो हो, उरलेल्या २० टक्क्यांत बसवू." आठशे मुलांच्या परीक्षा, २० टक्क्यांत!

शाळांकडे पैसे नाहीत हे खोटं नाही. कोविडच्या काळात केंद्राने शाळांना तीन हप्त्यांत साधारण १९० अब्ज डॉलर दिले. अनेक शाळांनी त्यातून कौन्सेलर नेमले, आणि त्या पैशांची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. म्हणजे ताई नेमकी दार बंद होताना पोचली. पण टेक्सासचं स्वतःचं काय? राज्य प्रत्येक विद्यार्थ्यामागे जी मूळ रक्कम धरतं ती २०१९ पासून ६,१६० डॉलरवर थिजलेली होती. मधल्या काळात अंडी, दूध, विमा, स्कूलबसचं डिझेल सगळं चढलं. २०२३ मध्ये राज्याच्या तिजोरीत ३२ अब्जांहून जास्त शिल्लक होती, तरी हा आकडा हलला नाही, कारण खाजगी शाळांच्या व्हाउचरवरून भांडण चालू होतं. शेवटी २०२५ मध्ये वाढला. किती? ५५ डॉलर. आपण एका वीकेंडला बाहेर जेवायला जातो त्याहून कमी.

आणि हेच लोक सांगणार की कौन्सेलर मिळत नाहीत! कौन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मते एका कौन्सेलरमागे २५० मुलं असावीत. २०२३-२४ मध्ये देशाची सरासरी ३७६ होती. यावर टेक्सासने शोधलेला उपाय ऐका. युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या २०२२ मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी कायदा आला की शाळांनी चॅप्लेन, म्हणजे धर्मोपदेशक, नेमायला हरकत नाही. पगारी किंवा स्वयंसेवक. गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासायची, बस. राज्याचं शैक्षणिक सर्टिफिकेट लागणार नाही, असं कायद्यातच लिहिलंय. पगार शाळेच्या सुरक्षा निधीतून देता येतो. अनेक मोठ्या डिस्ट्रिक्टनी याला नकार दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पण राज्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळलं. मास्टर्स, ६०० तास आणि चार वर्षांचा अनुभव घेऊन सीमेवर आलात तर थांबा, परीक्षा द्या. यातलं काहीच नसेल तर या बसा!

दिल्लीश्वरही, सॉरी, वॉशिंग्टनही मागे नाही. युवाल्डीनंतर शाळांतल्या मानसिक आरोग्यासाठी मंजूर झालेली जवळजवळ एक अब्ज डॉलरची अनुदानं शिक्षण खात्याने एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. राज्यं कोर्टात गेली. कोर्टाच्या तारखांवर शाळा माणसं कशी नेमणार?

टंचाई माणसांची नाहीये. माणूस माझ्या बहिणीच्या घरी बसलाय, सर्टिफिकेटसकट. टंचाई पगार द्यायच्या इच्छेची आहे. आणि त्यात आपणही आहोत. पॉटलकला पहिला तास आपण प्रॉपर्टी टॅक्सच्या नावाने बोटं मोडतो, दुसरा तास कुठल्या डिस्ट्रिक्टची शाळा "दहापैकी दहा" आहे याची चर्चा करतो. त्या दहात कौन्सेलर मोजतात का, हे मी स्वतः घर घेताना विचारलं नव्हतं. स्टार परीक्षेचे गुण बघितले आणि सही ठोकली.

ताई सध्या रोजंदारीवर सबस्टिट्यूट टीचर म्हणून जाते. गेल्या महिन्यात सातवीतला एक मुलगा जेवणाच्या सुट्टीत वर्गातच बसून राहिला आणि तिच्याशी बोलला. तिने ऐकून घेतलं, मग नियमाप्रमाणे त्या शाळेच्या कौन्सेलरकडे घेऊन गेली. दाराला कुलूप. त्यांचा तो दुसऱ्या शाळेचा दिवस होता. ऑफिसात सांगून, चिठ्ठी लिहून ती घरी आली आणि रात्रभर झोपली नाही.

आमच्या स्कूल बोर्डाची बजेटची बैठक पुढच्या सोमवारी आहे. कुणालाही नाव नोंदवून तीन मिनिटं बोलता येतं. मी नोंदवलंय. टेस्टिंगच्या कोर्सची लिंक पाठवणाऱ्या मित्रांनी यायचं असेल तर सात वाजता, पार्किंग मागच्या बाजूला.