झरन्याला सायरन नसतो

पाऊस सुरू झाला की आपल्या भोपाळच्या मराठी घरांमध्ये दोन विषय हमखास निघतात. तलाव किती भरला, आणि रविवारी कुठे जायचं. हल्ली दुसऱ्या विषयात एक नवी भर पडली आहे. गाइड बरोबर घ्यायचा आणि नदीकाठानं सायकलवर धबधब्यापर्यंत जायचं. माणशी पैसे, त्यात हेल्मेट आणि पोहे-जिलेबी. यावर माझ्या वयाच्या मंडळींचं ठरलेलं वाक्य, "आम्ही काय गाइड घेऊन फिरलो?"

नाही फिरलो, खरं आहे. पण तरी माझं मत असं की गाइड हवा. फक्त आपण त्याला पैसे कशाचे देतो, ते एकदा नीट समजून घ्यायला हवं.

भदभद्याचा डॅम 1965 सालचा. गेट उघडले अशी बातमी आली की आम्ही पोरं भाड्याच्या सायकली काढायचो. एका सायकलवर दोघं, तिसरा दांड्यावर, पिशवीत दशम्या आणि लोणचं. पाणी बघायचं, भिजायचं, घरी येऊन बोलणी खायची. आमच्या लेखी भोपाळचा धबधबा म्हणजे तोच. पण तिथे आम्ही काठावर उभे असायचो, आणि गेट कधी उघडायचं हे माणूस ठरवत होता. आजही गेट उघडण्याआधी सायरन वाजतो, खालच्या वस्तीला सावध करतात.

डोंगरातल्या झरन्याला सायरन नसतो.

17 जुलै 2011 आठवतो का? इंदूरजवळ महूच्या पुढे पाताळपाणी. रविवारची सहल. एका कुटुंबातले पाच जण प्रवाहाच्या मधल्या दगडांवर होते आणि बघता बघता चोरल नदीचं पाणी चढलं. एकमेकांना धरून उभे राहिलेले ते लोक आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. पाचही वाहून गेले, तिघं वाचले नाहीत. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यावर तेच. एक बाई आणि चार मुलं, एकाच घरातली.

मुलं म्हणतात, "काका, आम्ही मोबाईलवर पाऊस बघून निघतो." अरे, पण बघता कुठला? आपण उभे असतो तिथला. पाणी येतं वरून. हे भोपाळकराला वेगळं सांगायला नको खरं तर. शहरात ऊन पडलेलं असतं, पण सीहोरकडे जोर झाला की कोलांस नदी फुगते, तलाव 1666.80 फुटांवर पोचतो आणि मग भदभदा उघडतो. तलावाच्या बाबतीत हे आपल्याला तोंडपाठ आहे. झरन्यावर गेलो की मात्र विसरतो. मोठ्या तलावाला भरायला दिवस लागतात, खडकातल्या नाल्याला काही मिनिटं पुरतात. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की समजायचं वर काहीतरी झालंय. तेव्हा फोटो नाही, सामान नाही, आधी काठ गाठायचा.

हे ओळखणारा माणूस म्हणजे गाइड. रस्ता काय, मोबाईलही दाखवतो. गाइडचं खरं काम म्हणजे "आज इथून परत" हे म्हणणं. आणि नेमकं तेच त्याला जड जातं, कारण वीस जणांनी पैसे भरलेले असतात आणि धबधबा समोर शंभर पावलांवर दिसत असतो.

इथे मला आमच्या बँकेतली एक साधी रीत आठवते. स्ट्राँगरूमची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. दोन किल्ल्या, दोन वेगळ्या माणसांकडे. कुणावर अविश्वास म्हणून नाही. एकटा माणूस घाईत असतो, भिडेत असतो, म्हणून. सहलीलाही तसंच असावं. एक किल्ली गाइडकडे, दुसरी त्याच गावातल्या माणसाकडे, ज्यानं तो नाला प्रत्येक पावसाळ्यात पाहिलाय. दोघांनी हो म्हटलं तरच पुढे. एकानं नाही म्हटलं की सायकली वळवायच्या, वाद नाही. त्या गावकऱ्याला त्याचे पैसे आधीच द्यावेत, म्हणजे "नाही" म्हणताना त्याचं पोट आडवं येणार नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न विचारा. वरच्या बाजूच्या पावसाची खबर कोण देणार? परत फिरलो तर पैशांचं काय? मागच्या पावसाळ्यात किती वेळा अर्ध्यातून परतलात? शेवटच्या प्रश्नाला कुणी अभिमानानं "एकदाही नाही" म्हणालं, तर आपली सायकल केरव्याच्या रस्त्यावर काढावी, भुट्टा खावा आणि घरी यावं.

मुलांना अडवू नका, एवढं मात्र आपल्या पिढीला सांगतो. सायकलवर नदीकाठानं जाण्यात जे सुख आहे ते गाडीच्या काचेतून मिळत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? जाऊ द्या त्यांना. आणि धबधबा न बघताच परत आले, तर कुरकुर ऐकून घ्या, गरम चहा-भजी द्या, आणि त्या गाइडचा नंबर जपून ठेवा.