डब्यावरचा त्रिकोण पोटातल्या लेकरासाठी नसतो

फवारणीचे दिवस सुरू झालेत. कृषी सेवा केंद्रांसमोर सकाळपासून गाड्या लागतायत आणि कुठल्या किडीला कुठलं औषध याच्या पोस्टी प्रत्येक ग्रुपवर फिरतायत. (विषाला औषध म्हणायची सवय आपल्याला कधी लागली कोण जाणे.) दरवर्षी या सुमारास आम्ही पत्रकार एकच बातमी करतो: फवारणी करताना विषबाधा, अमुक जण रुग्णालयात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा चौकशी झाली, पथकं आली, मास्क-हातमोजे वाटल्याचे फोटो छापून आले. पण ती सगळी चर्चा पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाची होती. आज लिहायचंय ते पंप न उचलणाऱ्यांबद्दल. पोटातलं बाळ, अंगावर पिणारं बाळ, ओसरीवर रांगणारं लेकरू.

आधी एक गोष्ट तपासा. घरातल्या कुठल्याही कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा दिसला की आपण निर्धास्त होतो. तो रंग ठरतो कसा? प्रयोगशाळेत जनावरांना ते विष दिलं तर किती मात्रेला अर्धी जनावरं मरतात, यावरून. म्हणजे एका दमात माणूस मरेल का, एवढंच तो त्रिकोण सांगतो. तेच विष थोडं थोडं गर्भात गेलं तर बाळाच्या मेंदूचं, हार्मोन्सचं काय होईल, याबद्दल त्रिकोण गप्प असतो. मॅन्कोझेब घ्या. टोमॅटो, बटाटा, द्राक्ष, सगळीकडे मारतात. त्रिकोण हिरवा. त्याच मॅन्कोझेबची परवानगी युरोपीय संघानं २०२० मध्ये थांबवली, कारणं दोन: हार्मोन्समध्ये ढवळाढवळ आणि प्रजननाला धोका.

हे काही फक्त परदेशातल्या शास्त्रज्ञांचं खूळ नाही. केरळात कासरगोड जिल्हा आहे. तिथं सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर सत्तरच्या दशकापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं गेलं. बागा डोंगरमाथ्यावर आणि वस्ती, विहिरी, ओढे खाली. तिथल्या पद्रे गावच्या श्री पद्रे या शेती-पत्रकारानं फार लवकर याबद्दल लिहायला सुरुवात केली होती. (आमच्या धंद्यात अशी माणसं असतात, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर पत्रकार म्हटलं की लोकांना फक्त टीव्हीवरचा आरडाओरडा आठवतो.) गावातल्या डॉक्टरांनाही एकेका वस्तीत नको तितकी मतिमंद आणि अपंग मुलं दिसत होती.

मग अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेनं, म्हणजे आपल्याच सरकारच्या संस्थेनं, तिथं जाऊन तपासणी केली. त्यातला एक भाग २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. पद्रे गावातली १० ते १९ वयाची ११७ मुलं आणि तुलनेसाठी फवारणी नसलेल्या गावातली ९० मुलं. पद्रेच्या ७८ टक्के मुलांच्या रक्तात एंडोसल्फान सापडलं, दुसऱ्या गावात २९ टक्क्यांच्या. आणि पद्रेची मुलं वयात उशिरा येत होती, वयाच्या मानानं पुरुष हार्मोन कमी होतं. तपासणी झाली तेव्हा हवाई फवारणी थांबलेली होती, तरी रक्तात विष होतं. कीटकनाशक कंपन्यांनी या अभ्यासावर आक्षेप घेतले. प्रत्येक अपंगत्व एंडोसल्फानमुळेच आलं असं सिद्ध करता येणार नाही, हेही खरं. एखाद्या लेकराकडे बोट दाखवून कारण सांगता येत नाही, नेमकं यावरच वर्षानुवर्षं वेळ काढला गेला. जागतिक बंदीला आपला देश २०११ पर्यंत विरोध करत होता. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं देशात ते थांबवलं आणि पीडितांना प्रत्येकी ५ लाख द्या, हा आदेश यायला २०१७ उजाडलं. तोवर त्यातली कितीतरी मुलं मोठी झाली होती, काही गेलीही होती.

मेंदूचं काय, तर क्लोरपायरिफॉस. हे नाव तुम्हाला माहीत असेल. पिवळा त्रिकोण, कापसाला, तुरीला, आणि उधईसाठी तर घरोघर. न्यूयॉर्कमध्ये हे पूर्वी घरात झुरळांसाठी मारायचे. कोलंबिया विद्यापीठानं तिथल्या गरीब वस्त्यांतल्या बायांच्या बाळंतपणात नाळेच्या रक्तात ते मोजून ठेवलं आणि मुलांवर लक्ष ठेवलं. मुलं सात वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या नाळेत जास्त होतं, त्यांची बुद्धीची आणि ऐकलेलं लक्षात धरून ठेवायची क्षमता कमी भरली. नंतर ४० मुलांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तर जास्त विष पोचलेल्यांच्या मेंदूच्या रचनेतही फरक दिसला. या आया शेतात फवारणाऱ्या नव्हत्या. घरात, इमारतीत मारलेलं श्वासातून गेलं, एवढंच. अमेरिकेनं त्याचा घरगुती वापर २००१ पर्यंत बंद केला.

हे होतं कसं, ते आयोडीनच्या मिठावरून समजून घ्या. मीठ आयोडीनयुक्त का करावं लागलं? आईला आयोडीन कमी पडलं की थायरॉइड हार्मोन कमी पडतं आणि बाळाच्या मेंदूची बांधणी बिघडते म्हणून. पहिले तीनेक महिने तर बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी काम करत नसते, सगळं आईच्याच भरवशावर. मेंदूच्या कुठल्या पेशीनं कुठं जायचं, कुणाशी जोडायचं, हा निरोप हार्मोन पोचवतं. मॅन्कोझेब विघटन पावून जो पदार्थ तयार होतो, तो नेमका याच ग्रंथीच्या कामात आडवा येतो. मोठ्या माणसाला तेवढ्यानं कदाचित काही जाणवणार नाही. पण घराचा पाया ओतताना चुकलेली सळई नंतर प्लास्टर करून सरळ होत नाही.

आता आपल्याकडचं बघा. फवारलेल्या वावरात दुसऱ्याच दिवशी निंदायला बाया जातात, त्यात चार-पाच महिन्यांच्या गरोदर असतात. औषध कालवायला पाणी आणून देणाऱ्याही त्याच. उरलेलं विष कोल्ड्रिंकच्या बाटलीत, बाटली माळवदाच्या कोनाड्यात. नवऱ्याचे फवारणीचे कपडे आणि लेकराचे लंगोट एकाच बादलीत. घरात कापसाची गंजी, तिच्यावर पोरं लोळतात. शाळेच्या खोलीला, अंगणवाडीला उधई लागली की सुटीत फवारा मारून मोकळे. कुठलं मारलं, किती मारलं, कुठेही नोंद नाही.

लगेच कमेंट येईल, मग फवारू नको का, बोंडअळी तू येऊन वेचणार का? शेतकऱ्याला दोष द्यायला मी बसलेलो नाही. दुकानात काय ठेवायचं हे तो ठरवत नाही. २०२० मध्ये केंद्रानंच २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यात क्लोरपायरिफॉस होतं, मॅन्कोझेबही होतं. त्यानंतर काय झालं ते दुकानात जाऊन बघा, दोन्ही मिळतील. २०२५ मध्ये स्टॉकहोम करारानं क्लोरपायरिफॉस जगभरातून हटवायच्या यादीत टाकलं, तेही सवलतींसह. सवलत म्हणजे आणखी काही वर्षं, आणि आणखी काही वर्षं म्हणजे अजून काही हजार बाळंतपणं.

दिल्लीचं दिल्लीत. पण तालुक्यात होण्यासारखं बरंच आहे. गरोदर बाईचं कार्ड भरताना आशाताई रक्त, वजन, टीडी सगळं लिहितात, त्यात फवारलेल्या शेतात कामाला जाते का, एवढी एक ओळ वाढवायला मंत्रालयाची परवानगी लागू नये. मातृवंदना योजनेचे ५ हजार हप्त्यांनी येतात आणि बहुतेकदा हंगाम संपल्यावर. निंदणाचा रोज बुडतो म्हणून ती वावरात जाते. मग गावातल्या गरोदर बायांना त्या दोन महिन्यांत रोजगार हमीवर सावलीतलं काम देता येतं का, हे ग्रामसेवकांनी सांगावं. शाळा-अंगणवाडीत उधईचं औषध मारायचं तर आधी पालकांना कळवावं आणि कुठलं मारलं ते फळ्यावर लिहावं.

या महिन्यातल्या ग्रामसभेत हे तीन विषय लेखी द्या. अर्ज कसा लिहायचा असं कुणाला वाटत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, नमुना पाठवतो. आणि दिल्यावर पोच घ्या, शिक्क्यासकट.