संक्रांतीच्या आत मांजराची सोय करा

नागपूरकरांनो, दिवाळी झाली. वाफे खणून झाले. धरमपेठ, बजाजनगर, त्रिमूर्तीनगर, मानेवाडा, हुडकेश्वर, कुठल्याही ले-आउटमध्ये सकाळी एक चक्कर मारा. कंपाउंडच्या आत मेथी, पालक, सांबार टाकलेली माती भुसभुशीत होऊन पडलेली दिसेल. आणि त्याच मातीत, कोवळ्या अंकुरांच्या मधोमध, उकरलेला खड्डाही दिसेल. शेजारचं मांजर रात्री येऊन गेलेलं असतं. ते उकरतं, घाण करतं, वर माती ओढतं आणि कुंपणावरून निघून जातं. सकाळी त्या मातीत हात घालतं ते तुमच्या घरातलं माणूस.

ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटते. पण गल्लीतली भांडणं अशाच किरकोळ गोष्टींवरून पेटतात. आधी उपटलेली रोपं दाखवली जातात. मग आवाज चढतो. मग दोन घरांमधलं हळदीकुंकवाचं येणंजाणंसुद्धा थांबतं. आणि एके रात्री कोणीतरी माशाच्या तुकड्यात काहीतरी कालवून भिंतीशी ठेवतं. तिथवर जाऊ देऊ नका. आत्ता थांबवता येतं. हे आवाहन दोन्ही घरांना आहे, मांजर असलेल्यांना आणि बाग असलेल्यांनाही.

पहिली काळजी पोटातल्या बाळाची. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो. उंदीर, पाखरं किंवा कच्चं मांस खाऊन मांजराला त्याची पहिल्यांदा लागण झाली, की पुढचे एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या परजीवीची लाखो अंडी बाहेर पडतात. एक ते पाच दिवसांत ती अंडी लागण करण्याजोगी होतात. ओलसर, सावलीच्या मातीत ती महिनोन्‌महिने टिकतात, वर्षभरही. तुमचा रोज पाणी शिंपलेला वाफा म्हणजे नेमकी तशीच माती. धडधाकट माणसाला लागण झाली तर बहुधा कळतही नाही. पण गरोदर बाईला पहिल्यांदाच झाली तर ती बाळापर्यंत पोचू शकते. गर्भपात होऊ शकतो. बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. आता आपल्याकडची सवय आठवा. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक सकाळी अंगणात उतरते, चार काड्या सांबार खुडते आणि नळाखाली जेमतेम हलवून तर्री-पोह्यांवर भुरभुरते. कच्चाच.

म्हणून आजपासून एवढं करा. घरात कोणी गरोदर असेल तर तिला मातीत हात घालू देऊ नका. वाफ्यात काम करताना हातमोजे घाला. सांबार, मुळा, पालक, जे कच्चं खायचं ते वाहत्या पाण्यात नीट धुवा, पान न्‌ पान धुवा. लहान मुलांना वाफ्यात अनवाणी खेळू देऊ नका, कारण मांजराच्या घाणीतून जंतांची अंडी आणि अळ्याही मातीत जातात, आणि मुलांचे हात मातीतून थेट तोंडात जातात. सगळ्याच मांजरांत हे सगळं असतं असं नाही. घरात राहणाऱ्या, शिजवलेलं खाणाऱ्या मांजरात ते फारच क्वचित असतं. बाहेर शिकार करत हिंडणाऱ्या मांजराचा धोका जास्त.

आता मांजरवाल्यांनो, तुम्ही ऐका. "आमची मनी कुठे जातच नाही" असं सांगणारी माणसं मला प्रत्येक गल्लीत भेटतात. बहुतेक वेळा मनी त्यांच्या मागच्याच कुंपणावर बसलेली असते. तुमचं तिच्यावर प्रेम आहे, यात शंका नाही. पण डोळे मिटून दूध पिणं मांजराला शोभतं, तुम्हाला नाही. ती शेजाऱ्याच्या वाफ्यात जाते, कारण तिला तुमच्या घरात जागा नाही. ती जागा करून द्या. एक जुनं घमेलं किंवा पसरट टब घ्या. त्यात चार बोटं रेती घाला. तिच्या जेवणाच्या जागेपासून दूर, शांत कोपऱ्यात ठेवा. भुसभुशीत आणि कोरडं मिळालं की मांजर दोन-चार दिवसांत तिथे जायला शिकतं. रेती रोज साफ करा. रोजच, कारण ती अंडी घातक व्हायला निदान एक दिवस लागतो, तेवढ्यात घाण गेली की धोकाही गेला. घाण कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नाही. दोन मांजरं असतील तर घमेली तीन ठेवा. दुसऱ्याने घाण केलेल्या रेतीत पाय ठेवायला मांजर तयार होत नाही, या बाबतीत ते माणसांपेक्षा चोखंदळ आहे.

"मांजराला बांधून कसं ठेवायचं?" बांधू नका. तिन्हीसांजेला घरात जेवायला घाला आणि मग दार लावा. रात्रीपुरतं एवढंच. जिथे जमेल तिथे गॅलरीला जाळी लावा. गळ्यात ताण पडताच सुटणारा पट्टा आणि त्याला घंटा बांधा. घंटा कोणी बांधायची हा उंदरांचा प्रश्न होता, तुमचा नाही. त्या घंटेने निदान अंगणातले बुलबुल आणि शिंपी वेळेत उडून जातील.

याहून मोठी घाई दुसऱ्या कारणाने आहे. संक्रांतीपर्यंत दिवस मोठा होऊ लागलेला असतो आणि मांजरी माजावर येतात. मग रात्रभर बोक्यांचं ओरडणं, मारामाऱ्या, तुळशीच्या कुंडीवर, चपलांच्या रॅकवर, गाडीच्या टायरवर मुताच्या पिचकाऱ्या. त्याचा वास पाण्याने जात नाही. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांचे. जानेवारीअखेर फळलेली मांजर मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला विते, तीन, चार, पाच पिल्लं. कुठे? तुमच्या कूलरच्या स्टँडखाली, जिन्याखालच्या अडगळीत, बंद घराच्या पोर्चमध्ये. आणि तेव्हा नागपूरचा उन्हाळा डोक्यावर आलेला असतो. त्यातली काही पिल्लं तहानेने मरतात, काही गाड्यांखाली जातात. जी वाचतात त्यांतल्या माद्या चार-पाच महिन्यांत स्वतः गाभण राहू शकतात. एका मांजरीच्या या वर्षीच्या कंटाळ्याचं पुढच्या वर्षी सगळ्या गल्लीचं भांडण होतं.

म्हणून नसबंदी करा. मादीची करा आणि बोक्याचीही करा. बोक्याची केली की पिचकाऱ्या, भटकणं, मारामाऱ्या बहुतेकदा पुष्कळ कमी होतात. मांजर पाच महिन्यांचं झालं की पशुवैद्यकांना विचारा. सेमिनरी हिल्सवर आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून उभं आहे, त्याचा दवाखाना आहे. तिथे जा, किंवा जवळच्या पशुवैद्यकांकडे जा. त्याच फेरीत जंताचं औषध आणि रेबीजची लसही द्या. "एकदा पिल्लं होऊ दे, मग बघू" म्हणू नका. आधी पिल्लं होऊ दिल्याने मांजरीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही.

आणि तुम्ही, जे "मांजर आमचं नाही, आम्ही फक्त दूध घालतो" म्हणता, तुम्हीही यातच आलात. रोज दूध घालता ना? मग शेजारचे तिला तुमचीच समजतात, आणि ते चूक नाहीत. ठरल्या वेळी घाला, खाणं झालं की वाटी उचला. गल्लीतल्या चार घरांनी मिळून तिच्या नसबंदीचा खर्च करा. एवढं केलंत तर तुमच्या दयेला कोणी नावं ठेवणार नाही.

आता एक गोष्ट नागपूरने विसरू नये. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. जानेवारीत भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. त्यानंतर काही आठवड्यांतच इथून सव्वाशे किलोमीटरवरच्या छिंदवाड्यात घरातल्या मांजरांत तोच विषाणू सापडला. देशात पाळीव मांजरांत तो आढळण्याची ही पहिलीच नोंद. त्याआधी मार्च २०२४ मध्ये नागपूरच्याच सरकारी कोंबडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू निघाला होता आणि हजारो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. जे वाघाला सोसलं नाही, ते वाघाच्या मावशीला कसं सोसेल? आणि ती मावशी तर तुमच्या मुलांच्या पांघरुणात झोपते.

घाबरून मांजर घराबाहेर काढू नका. उलट आत घ्या. चिकनच्या दुकानातली कच्ची आतडी, पंजे, मुंडकी तिला घालू नका. जे घालायचं ते शिजवून घाला. अंगणात मेलेलं पाखरू दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका, मांजराला तोंड लावू देऊ नका. एकाच भागात बरीच पाखरं मेलेली दिसली तर पशुसंवर्धन विभागाला कळवा. मांजराने ओरबाडलं किंवा चावा घेतला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच मेयोला किंवा मेडिकलला जा. हळद भरून घरी बसू नका.

बागवाल्यांनो, आता तुमच्याकडे वळतो. तुमचा राग खरा आहे. महिनाभर जपलेला वाफा सकाळी विस्कटलेला पाहिला की कोणाचंही डोकं फिरेल. पण उपाय तुमच्या घरातच आहेत. मांजराला मोकळी, कोरडी, उघडी माती लागते. ती मिळू देऊ नका. बी टाकल्यावर वाफ्यावर कोंबडीची जाळी पसरा, अंकुर तिच्यातून वर येतात. जाळी नसेल तर गावाकडून आलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या वीतभर अंतरावर रोवा, मांजराला फिरायला जागाच उरत नाही. झाडांच्या बुंध्याशी जाड गिट्टी घाला. संध्याकाळी माती ओली करून ठेवा. आणि हंगाम तुमच्या बाजूचा आहे, संत्र्याच्या साली फेकू नका. त्या वाफ्याभोवती टाका, चार दिवसांनी बदला. संत्र्या-लिंबाचा वास बहुतेक मांजरांना सोसत नाही.

डांबराच्या गोळ्या टाकू नका. फिनाइल ओतू नका. ही दोन्ही मांजराला विषासारखी आहेत, आणि गोळी चॉकलेट समजून तोंडात घालणारं पोर तुमच्याही घरात असू शकतं. तिखट पसरू नका, ते पंजांतून डोळ्यांत जातं. मांजर पोत्यात भरून फुटाळ्यावर किंवा गोरेवाड्याकडे सोडून येऊ नका. तिथे ते उपाशी मरेल, नाहीतर जंगलात रोग नेईल.

आणि विष? ते तर नाहीच. हात जोडून सांगतो, नाहीच. उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट असो, झिंक फॉस्फाइडची काळी पूड असो, दोन्हींवर नेमका उतारा नाही. भिंतीशी ठेवलेला तुकडा मांजरच खाईल याची हमी कोण देणार? कुत्रं खाईल. कावळा उचलून दुसऱ्याच्या टाकीजवळ टाकेल. रांगतं बाळ तोंडात घालेल. शिवाय जनावराला विष घालून मारणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपले जुने लोक म्हणत, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं. ते पाप-पुण्य बाजूला ठेवा. ज्या गल्लीत एकदा विष पडलं, तिथल्या आया मुलांना अंगणात सोडायला धजावत नाहीत.

कुत्र्यांच्या बाबतीत आपण हे पाहिलं आहे. खाऊ घालणारे एकीकडे, त्रास सोसणारे दुसरीकडे. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं तर दत्तक घेऊन घरी न्या, असा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये झाला. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या, पण गल्लीतली तोंडं फिरली ती फिरलीच. मांजरांवरून तेच करायचं नसेल तर वकिलाच्या आधी शेजाऱ्याकडे जा.

येत्या रविवारीच जा. हातात उपटलेली रोपं घेऊन नको. चहाच्या वेळी जा आणि सरळ बोला, "काकू, तुमची मनी रात्री आमच्या वाफ्यात येते. सून गरोदर आहे, भीती वाटते. तिच्यासाठी घरात रेतीचं घमेलं ठेवाल का? रेती मी आणून देतो." आणि काकू, तुमच्या दारात कोणी असं आलं तर मांजराची बाजू घेऊन भांडू नका. आत बोलवा. ऐका. वाफ्याला जाळी लावायला तुमचा मुलगा पाठवा. नसबंदीची तारीख त्यांच्यासमोरच ठरवा.

संक्रांतीला थोडेच आठवडे उरले आहेत. ऑपरेशननंतर जखम भरायला दहा-बारा दिवस लागतात. पशुवैद्यकांची वेळ आजच मागा.