ध्वनिक्षेपणाचे साधन कोणाच्या हाती?

इंटरनेटवरून स्वतःचे रेडिओ केंद्र चालवावे, ही कल्पना आता परिवर्तनवादी चळवळीतील अनेकांच्या मनात मूळ धरू लागली आहे. ती स्वागतार्ह आहे. परंतु अशा उपक्रमांची सुरुवात बहुधा ठरावीक पद्धतीने होते. बैठकीत ठराव मंजूर होतो, केंद्राचे नाव ठरते, उद्घाटनाला कोणाला बोलवावे यावर तासभर चर्चा होते. आणि ध्वनिक्षेपणासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हा प्रश्न मात्र 'कॉम्प्युटरमधले कळणाऱ्या' एखाद्या तरुणाकडे सोपवून बैठक संपते. हा प्रश्न तांत्रिक आहे, राजकीय नाही, अशी समजूत त्यामागे असते. ती समजूत घातक आहे. छापखाना कोणाच्या मालकीचा, कागद कोणाच्या ताब्यात, हे प्रश्न समाजवादी चळवळीने कधी निव्वळ तांत्रिक मानले नाहीत. मग आवाज वाहून नेणारे साधन कोणाचे, हाच प्रश्न तेवढा तांत्रिक कसा?

रेडिओ आणि सत्ता यांचे नाते या देशाला नवे नाही. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकाशवाणीवरून आणीबाणी देशाला ऐकवण्यात आली. एका आवाजाचा वीजपुरवठा बंद आणि दुसऱ्याचा चालू, हे त्या राजवटीचे नेमके चित्र होते. पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. पण सार्वजनिक मालमत्ता प्रत्यक्षात जनतेच्या हाती आली काय? खासगी एफएम केंद्रांचे परवाने लिलावाने धनिकांकडे गेले आणि स्वतंत्र बातम्या देण्याची मुभा त्यांनाही धोरणाने नाकारली. २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने स्वयंसेवी संस्थांना दार उघडले, ते १०० वॉट इतक्या मर्यादित शक्तीच्या प्रक्षेपकापुरते. राजकीय पक्ष आणि त्यांच्याशी संलग्न असलेल्या विद्यार्थी, महिला व कामगार संघटना यांना त्या धोरणाने स्पष्टपणे वगळले. म्हणजे ध्वनिलहरी जनतेच्या खऱ्या. पण संघटित जनतेच्या नव्हेत!

या परिस्थितीत इंटरनेट हा मार्ग उरतो. श्रमिकांच्या दृष्टीने रेडिओला एक विशेष महत्त्वही आहे. वाचायला डोळे मोकळे लागतात, चित्रफितीलाही लागतात. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचे हात आणि डोळे सुपात गुंतलेले असतात; कान तेवढे मोकळे असतात. तिच्यापर्यंत किमान वेतनाची, भविष्यनिर्वाह निधीची, युनियनच्या सभेची वार्ता पोहोचवायची असेल, तर बोललेला शब्द हेच माध्यम.

आता साधनाकडे वळावे. थेट ध्वनिक्षेपणाला तीन दुवे लागतात. पहिला दुवा बोलणाऱ्याच्या संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा: मायक्रोफोनचा आवाज आकुंचित करून पुढे पाठवणारा. दुसरा दुवा सर्व्हर: एक प्रवाह आत घेऊन तो शेकडो श्रोत्यांना स्वतंत्रपणे वाटणारा. तिसरा दुवा श्रोत्याचा मोबाइल. पहिला आणि तिसरा दुवा सहज बदलता येतो. राजकारण आहे ते दुसऱ्या दुव्यात. ज्याच्या हाती सर्व्हर, त्याच्या हाती श्रोत्यांची यादी, बंद करण्याची कळ आणि अटी बदलण्याचा अधिकार.

या क्षेत्राचा गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांचा इतिहास पुरेसा बोलका आहे. शाउटकास्ट हे सॉफ्टवेअर एका लहान अमेरिकन कंपनीने तयार केले आणि जगभरच्या हौशी केंद्रांनी ते आपलेसे केले. १९९९ साली ती कंपनी एओएलने विकत घेतली. पुढे एओएलला त्यात रस उरला नाही आणि २०१४ साली शाउटकास्ट रेडिओनॉमी या युरोपीय कंपनीच्या हाती गेले. त्यावर उभ्या असलेल्या केंद्रांना या खरेदी-विक्रीत कोणी विचारले नाही. लाइव्ह३६५ ची कथा याहून कठोर आहे. हजारो लहान केंद्रांना जागा देणारी ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद पडली, कारण अमेरिकेत लहान प्रक्षेपकांसाठी असलेली स्वामित्वशुल्काची सवलत संपली आणि गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला. पुढच्या वर्षी ते नाव नव्या मालकाखाली परत आले. पण ज्यांचा श्रोतृवर्ग मधल्या काळात पांगला, त्यांना त्याचा काय उपयोग? यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. भाड्याच्या घराचा नियमच असा आहे की घरमालकाचा हिशेब बदलला की भाडेकरूने बोचके बांधायचे.

याच्याशेजारी आइसकास्ट ठेवून पाहावे. हे सॉफ्टवेअर 'जीएनयू'च्या सार्वजनिक परवान्याखाली दिलेले आहे. ते कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि बदललेले दुसऱ्याला द्यावे. अट एकच, की देताना हेच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्यावे. या परवान्याचे मर्म फुकटेपणात नाही, सामाईक मालकीत आहे. गावच्या गायरानासारखी ती गोष्ट आहे: वापर सर्वांचा, कुंपण घालण्याचा अधिकार कोणाचाच नाही. १९९८ साली एमपी३ या ध्वनिपद्धतीच्या एकस्वधारकांनी परवानाशुल्काची मागणी सुरू केली, तेव्हा याच परंपरेतील कार्यकर्त्यांनी ऑग व्हॉर्बिस ही मुक्त पद्धत निर्माण केली. पुढे २०१२ साली ओपस ही त्याहून सरस पद्धत सर्वांसाठी खुले मानक म्हणून मान्य झाली. भांडवलशाहीच्या ऐन गाभ्यात, नफ्याच्या प्रेरणेशिवाय, सहकार्याने उत्तम यंत्र घडू शकते याचा हा जिवंत पुरावा आहे. केरळने आपल्या सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर शिकवून हा विचार सार्वजनिक धोरणापर्यंत नेला. महाराष्ट्रातील डाव्या कार्यकर्त्यांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

मुक्त साधने वापरायला अवघड असतात, हा आक्षेप आता फारसा टिकत नाही. बोलणाऱ्याच्या बाजूला 'बट' हे अगदी लहान सॉफ्टवेअर पुरते. ध्वनिमुद्रित गाणी आणि भाषणे मिसळायची असतील तर मिक्स आहे. ठरावीक वेळापत्रकाने कार्यक्रम आपोआप लावण्यासाठी लिक्विडसोप किंवा लिब्रेटाइम आहे. हे सर्व एकत्र करून संगणकाच्या पडद्यावरून केंद्र चालवू देणारे अ‍ॅझुराकास्टही आहे. थेट प्रक्षेपण मध्येच तुटले तर श्रोत्याला आपोआप ध्वनिमुद्रित कार्यक्रमाकडे वळवण्याची सोय आइसकास्टमध्ये आहे. भारनियमन असलेल्या तालुक्यात तिचे मोल वेगळे सांगायला नको.

खर्चाचा हिशेबही कार्यकर्त्यांनी स्वतः करून पाहावा. सेकंदाला ६४ किलोबिट या वेगाने पाठवलेला आवाज ऐकणाऱ्याला तासाला सुमारे २९ मेगाबाइट डेटा लागतो. २०० श्रोते एकाच वेळी ऐकत असतील, तर सर्व्हरमधून सेकंदाला १२.८ मेगाबिट आणि तासाला पावणेसहा गिगाबाइटच्या आसपास डेटा बाहेर पडतो. ओपस पद्धतीने भाषण ३२ किलोबिटमध्येही स्वच्छ ऐकू येते. म्हणजे हा भार निम्मा होतो आणि श्रोत्याच्या खिशावरचाही. मात्र काही मोबाइल, विशेषतः आयफोन, ऑग आणि ओपसचे प्रवाह दीर्घकाळ नीट स्वीकारत नव्हते. म्हणून जोडीला एमपी३ चा एक प्रवाह ठेवावा. त्याच्या एकस्वाची परवानापद्धती २०१७ सालीच संपली आहे. बोलणाऱ्याकडून सर्व्हरकडे एकच प्रवाह जायचा असल्याने मोर्चाच्या ठिकाणाहून साधा मोबाइलही पुरतो. श्रोत्यांचा भार मात्र कचेरीतल्या घरगुती जोडणीवर टाकता येत नाही. त्यासाठी सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो.

येथे एक गंभीर प्रतिवाद उभा राहतो. लोक यूट्यूबवर आणि फेसबुकवर आधीच जमलेले आहेत. तेथे थेट प्रक्षेपणाला पैसा लागत नाही. मग रिकाम्या माळावर आपले व्यासपीठ कशाला उभारायचे? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि शुद्धतेच्या नावाखाली त्याकडे पाठ फिरवणे हे एकांतवासाचे राजकारण ठरेल. बाजारात गर्दी असेल तर बाजारात जाऊन बोललेच पाहिजे. पण बाजारात बोलणे वेगळे आणि पक्षाची कचेरी बाजाराच्या मालकाच्या माडीवर थाटणे वेगळे. त्या व्यासपीठांवर यंत्र गाणे ओळखते आणि प्रक्षेपण थांबवते. दाद मागायची ती दुसऱ्या यंत्राकडे. म्हणून मूळ केंद्र आपल्या सर्व्हरवर असावे आणि तेथून तोच आवाज या व्यासपीठांवर पाठवावा. एक दार बंद झाले तरी घर शाबूत राहते.

दुसरा मुद्दा श्रोत्यांच्या सुरक्षिततेचा. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या वेळी, किती मिनिटे केंद्र ऐकले गेले याची नोंद सर्व्हर ठेवतो. आइसकास्टही ती ठेवते. फरक इतकाच की स्वतःच्या सर्व्हरवर ती नोंद किती दिवस ठेवायची आणि केव्हा पुसायची हे संघटना कायद्याच्या चौकटीत ठरवू शकते. कंत्राटी कामगार युनियनचे केंद्र ऐकतो ही माहिती कोणाच्या हाती पडावी, हा त्याच्या भाकरीचा प्रश्न आहे.

तथापि मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे मुक्ती नव्हे. बेलग्रेडच्या बी९२ या केंद्राचा प्रक्षेपक डिसेंबर १९९६ मध्ये मिलोसेविच राजवटीने बंद पाडला, तेव्हा त्या केंद्राने अ‍ॅमस्टरडॅममधील सर्व्हरमार्फत इंटरनेटवरून आवाज चालू ठेवला, आणि दोनच दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. परंतु ते सॉफ्टवेअर एका खासगी कंपनीचे होते, आणि खरे बळ रस्त्यावर उतरलेल्या लाखो लोकांचे होते. शिवाय आजच्या सरकारांना इंटरनेटच बंद करता येते. ऑगस्ट २०१९ नंतर काश्मीरने ते भोगले. अशी बंदी अनिश्चित काळ ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले, तरी बंद्या थांबल्या नाहीत. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण जपावे आणि ते मेमरी कार्डावरून हातोहात फिरवण्याची तयारी असावी. गाण्यांचा स्वामित्वहक्कही विसरू नये. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या साहित्यावरील हक्काची मुदत कायद्याने २०२९ च्या अखेरीपर्यंत आहे. परवानगी घ्यावी, किंवा आजच्या शाहिरांकडून नवी कवने लिहून घ्यावीत. दुसरा मार्ग चळवळीच्या अधिक हिताचा.

शेवटी १९४२ चा धडा. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. भूमिगत असलेल्या लोहियांचा त्याला हात होता. जागा बदलत, पोलिसांना चकवत ४२.३४ मीटरवरून तो आवाज सुमारे तीन महिने उमटत राहिला आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडला गेला. यंत्रे जुळवून देणारा तंत्रज्ञ पोलिसांना फितूर झाला होता. त्या तरुणांच्या धैर्यात काही उणे नव्हते. पण यंत्राचे ज्ञान मोजक्या हातांत होते. आज फितुरीचीही गरज नाही. जाणकार तरुणाला पुण्यात नोकरी लागली, तो गाव सोडून गेला, आणि सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, एवढ्यानेही केंद्र मुके होते.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना जिल्हा समित्यांनी चार प्रश्न विचारावेत. ते उघडून पाहता येते काय? उद्या सर्व्हर बदलला तर केंद्र, ध्वनिमुद्रणे आणि पत्ता यांसह उचलून नेता येते काय? श्रोत्यांची नोंद कोणाकडे राहते? आणि ते चालवणारे किमान चार कार्यकर्ते, त्यांत दोन स्त्रिया, तयार करता येतील काय? अभ्यास शिबिरात लोहियांच्या छोट्या यंत्राच्या विचारावर व्याख्यान ठेवले जाते; त्याच शिबिरात दुपारचे दोन तास आइसकास्ट बसवण्याच्या प्रात्यक्षिकाला द्यावेत आणि त्याची मराठी माहितीपुस्तिका शिबिरार्थींकडूनच लिहून घ्यावी. साधनशुचितेचा आग्रह धरणाऱ्या परंपरेने आपले साधन दुसऱ्याच्या मर्जीवर सोडणे शोभणारे नाही.